बॅग आत नको, मान्य, पण मग ठेवायची कुठं? संग्रहालयं चालवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
सरकारी, संस्थानी, ट्रस्टची, नगरपालिकेची अशी लहानमोठी सगळी संग्रहालयं चालवणारे साहेब, मॅडम, विश्वस्त मंडळी आणि गेटवर बसणारे दादा,

स. न. वि. वि.

मी साताऱ्याची. नोकरी, घर, संसार सगळं इथंच, आणि सुट्टी मिळाली की एसटीनं नाहीतर रेल्वेनं कुठंतरी जायचं आणि त्या गावात संग्रहालय असेल तर ते बघितल्याशिवाय परतीची गाडी धरायची नाही, ही माझी जुनी खोड. त्यामुळं तुमच्या गेटवर बॅगेवरून जी काय हुज्जत चालते ती मी भरपूर बघितलीये, घातलीये पण. आधीच सांगते, कुठल्या एका संग्रहालयाचं नाव घेऊन मी तक्रार करणार नाहीये, कारण हे एका जागेचं दुखणं नाही, आणि गेटवरच्या माणसाला बोलून तर काहीच उपयोग नाही, त्याला वरून जेवढं सांगितलंय तेवढं तो बिचारा करतोय.

दुसरं म्हणजे, बॅगा आत नेऊ देऊ नका या नियमाला माझा अजिबात विरोध नाही. लोक गेटवर भांडतात तेव्हा "आम्ही काय चोर आहोत का" इथूनच सुरुवात करतात, पण चोरी हा त्यातला एक भाग झाला. पाठीला सॅक असली की माणसाला स्वतःची रुंदी कळत नाही, एसटीत उभ्यानं प्रवास केलेल्या कुणालाही विचारा, पुढचा वळला की सॅक आपल्या तोंडावर. तोच माणूस आत काचेच्या कपाटापाशी किंवा उघड्यावर मांडलेल्या मूर्तीपाशी वळला तर काय होईल. 2015 साली तैपेईला एका प्रदर्शनात 12 वर्षांचा एक पोरगा हातात ड्रिंकचा ग्लास घेऊन फिरत होता, पाय अडखळला, तोल सावरायला हात टेकला तो थेट 17व्या शतकातल्या एका इटालियन चित्रावर, कॅनव्हासला मुठीएवढं भोक. किंमत सांगितली होती 15 लाख डॉलर. विमा होता म्हणून घरच्यांच्या गळ्यात काही पडलं नाही, एवढंच नशीब. आणि 2006 मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये एक गृहस्थ बुटाच्या लेसवर पाय पडून जिन्यात घसरले आणि खिडकीत ठेवलेल्या तीन जुन्या चिनी फुलदाण्यांचा चुरा झाला. (लेस नीट बांधल्याशिवाय प्रवेश नाही अशी पाटी मात्र मी अजून कुठं बघितली नाही.)

आपल्याकडं तर पावसाचा वेगळाच प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर कास, ठोसेघर करून भिजून आलेली माणसं ओल्या छत्र्या, ओले रेनकोट, बॅगेत ओले कपडे कोंबून साताऱ्यात उतरतात आणि पाऊस थांबेपर्यंत काय करायचं म्हणून संग्रहालयात शिरतात. जुन्या कागदाला, कापडाला ओल लागली की बुरशी धरते, लोखंडी शस्त्राला गंज चढतो, हे कुणी वेगळं सांगायला नको. खाण्याचंही तसंच. कंदी पेढ्याचा बॉक्स पिशवीत असला की पोरं दोन मिनिटं गप्प बसत नाहीत, एक पेढा आत फोडला की चार कण खाली, मग मुंग्या, मग झुरळं, मग उंदीर, आणि उंदराला पेढा संपल्यावर पोथी आणि पैठणी यातला फरक कळत नाही. तेव्हा बॅग बाहेर, डबा बाहेर, छत्री बाहेर, सगळं मान्य. एकदम मान्य.

पण बाहेर म्हणजे नेमकं कुठं, ते सांगा ना.

तुमच्या गेटवर ठरलेलं वाक्य आहे, "गाडीत ठेवून या की." दादा, गाडी नाहीये हो. लालपरीनं आलोय, ती आम्हाला सोडून पुढच्या गावाला गेली. हे सांगितल्यावर समोरचा जो बघतो ना, की अशी पण माणसं असतात का, त्याचीच मला गंमत वाटते. कारण संग्रहालयाला येणारा माणूस गाडीवाला नाहीतर हॉटेलवाला असं कुणीतरी मनाशी धरूनच हा नियम केलेला आहे. गाडीवाल्याला नियमाचा काही त्रासच नाही, डिकी उघडली, बॅग टाकली, आला. सगळा नियम येऊन पडतो तो एसटीनं आलेल्यावर, पॅसेंजरनं आलेल्यावर, म्हणजे ज्याला बघायला यायलाच जास्त कष्ट पडलेत त्याच्यावर.

साताऱ्याचंच घ्या. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय एसटी स्टँडपासून पायी जाण्याएवढं जवळ आहे. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर, माहुलीला, तिथं सामान ठेवून गावात यायचं आणि परत जायचं म्हणजे रिक्षाचेच पैसे बॅगेच्या किमतीएवढे. 19 जुलै 2024 ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं इथं प्रदर्शनात मांडली, राज्याला तीन वर्षांसाठी मिळालेली, त्यातले पहिले सात महिने साताऱ्यात. ती महाराजांचीच की कसं यावर वाद झाले, लंडनवाल्यांनी पण खात्रीनं सांगता येत नाही असंच म्हटलेलं, तो विषय इथं नको. सांगायचं एवढंच की ते बघायला गावोगावची माणसं साताऱ्यात उतरली, आणि एसटीतून उतरलेल्या माणसाच्या हातात पिशवी नसेल तर काय असेल? घरून निघताना डबा, पाण्याची बाटली, पोराचा स्वेटर, परत जाताना पेढे. तसंच औंधला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं, राजा रविवर्म्याची चित्रं, इंग्लंडचा नावाजलेला शिल्पकार हेन्री मूर याचं आई आणि मुलाचं शिल्प, आणि हे सगळं कुठं, तर खटाव तालुक्यात! तिथं जाणारी निम्मी माणसं देवीला निघालेली असतात, हातात नारळ, ओटीचं सामान, प्रसादाची पिशवी. सांगलीला गणपतीचं दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्याचंही तेच. आपल्याकडं संग्रहालय हे कुणी घरून ठरवून फक्त तेवढंच बघायला येत नाही, देवदर्शन, लग्न, परीक्षा, दवाखाना, कोर्टाची तारीख यातून दोन तास मिळाले की येतो. आणि जो खरंच फिरायला आलाय त्याला लॉजवाला सकाळी दहाला नाहीतर बाराला खोली सोडायला लावतो, गाडी असते रात्रीची, मधला जो वेळ उरतो तोच संग्रहालयाचा वेळ, आणि नेमका त्याच वेळी सगळा संसार पाठीवर असतो.

मग यावर घरोघरी जो तोडगा निघतो तो मी लहानपणापासून बघत आलेय. एकानं बाहेर थांबायचं. आणि तो एक कोण हे विचारायची पण गरज पडत नाही. "तुम्ही जा, या बघून, मी बसते हितं सामानापाशी," असं म्हणून माझी आई पायरीवर नाहीतर झाडाखाली बसायची, आम्ही पोरं वडिलांचा हात धरून आत. तलवारी बघायचो, पालख्या बघायचो, बाहेर आल्यावर आईला सांगायचो, ती पण कौतुकानं ऐकून घ्यायची. तिला आवड नव्हती असं कुणी म्हणू नका, साड्यांचे काठ, जुने दागिने, भांडी यातलं तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं, आणि आत तेच तर मांडलेलं असतं. आज पण कुठल्याही संग्रहालयाच्या बाहेर सुट्टीच्या दिवशी दुपारी जाऊन उभे राहा, बॅगांच्या ढिगाऱ्याशेजारी कोण बसलेलं दिसतं ते बघा. कुणाची तरी आई, आजी, सासू, नाहीतर शाळेची सहल असेल तर एक बाई आणि शिपाई, समोर पन्नासेक दप्तरं. पाळीपाळीनं जा म्हणतात, पण पहिली पाळी बाहेर येईस्तोवर पोरांना भूक लागलेली असते, गाडीची वेळ झालेली असते, दुसरी पाळी कुठली होतेय. तुमच्या रजिस्टरमध्ये आत आलेल्यांचा आकडा असतो, गेटपर्यंत येऊन सामान राखत बसलेल्यांचा नसतो. कधीतरी तो पण लिहून बघा.

आता काही ठिकाणी सोय आहे, नाही असं नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बॅगा ठेवून घेतात, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात घेतात, हैदराबादच्या सालारजंगला घेतात. मोठ्या शहरात जमतं, पण लहान गावात आलं की एक टेबल, त्याच्यावर एक माणूस, आणि मागं भिंतीला पाटी: सामान स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावे, मौल्यवान वस्तू ठेवू नयेत. म्हणजे बघा, लॅपटॉप बॅगेत ठेवायचा नाही कारण तो मौल्यवान, आणि बॅग आत न्यायची नाही कारण ती बॅग. अशाच एका ठिकाणी माझा भाचा शेवटी बॅग टेबलावर देऊन, आरतीचं ताट धरावं तसा दोन्ही हातांत लॅपटॉप धरून तासभर मूर्ती बघत फिरला. मला सांगा, त्याच्या पाठीवरच्या बॅगेपेक्षा हे जास्त सुरक्षित झालं का? एखाद्या पायरीला अडखळला असता तर लॅपटॉप पण गेला असता आणि समोरचं शिल्प पण.

आणि हे "स्वतःच्या जबाबदारीवर" प्रकरण. 1872 चा करार कायदा आहे, त्याच्या 151व्या कलमात सरळ लिहिलंय की दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली तर साधा शहाणा माणूस स्वतःच्या तसल्याच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे. इंग्रजांच्या काळातला कायदा, अजून चालू. म्हणजे कुणी हिरे सांभाळा म्हणत नाहीये, पण टोकन द्या, पिशवी नजरेसमोर ठेवा, ज्याची आहे त्यालाच परत द्या, एवढं तर साध्या शहाण्या माणसाला जमतंच की. एका ठिकाणी तर टोकनच नव्हतं, सगळ्या काळ्या सॅका एकावर एक, आणि परत घेताना "तुमची कुठली ती घ्या ओळखून". ओळखून! दहातल्या आठ सॅका एकाच दुकानातून घेतल्यासारख्या. आणखी एका ठिकाणी आम्ही बाहेर आलो तर काउंटरवाल्यांची जेवणाची सुट्टी झालेली, खोलीला कुलूप, आत आमचे डबे आणि बाहेर आम्ही उपाशी.

मोठी बॅग म्हणजे केवढी याचा पण एकदा सोक्षमोक्ष लावा. तुमच्या पाट्यांवर नुसतं "मोठ्या बॅगा नेण्यास मनाई" असतं. मग ते ठरवतं कोण, तर त्या दिवशी गेटवर जो असेल तो. लेडीज पर्स असली तर आत, भले त्यात अख्खं किराणा सामान बसेल, आणि पुरुषाची एवढीशी गळ्यातली बॅग बाहेर. कापडी पिशवी घडी घालून काखेत धरली तर आत, हातात लोंबकळत असली तर बाहेर. युरोपला जायचा योग आला होता तेव्हा वन्सं आणि मी दोघींनी बसून तिकडच्या म्युझियमांचे बॅगेचे नियम आधी वाचून काढले होते, तेव्हा कळलं की तिकडं हे सगळं सेंटिमीटरमध्ये असतं. पॅरिसच्या लूव्रला 55 बाय 35 बाय 20 पेक्षा मोठं काही चालत नाही, म्हणजे साधारण विमानात हातात नेतो तेवढी बॅग, आणि त्यापेक्षा लहान सामानासाठी काचेच्या पिरॅमिडखाली फुकट लॉकर. व्हॅटिकनला 40 बाय 35 बाय 15, त्याच्यावरचं सगळं क्लोकरूमला, ते पण फुकट. ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांची बॅग आवारातच आणू देत नाहीत, क्लोकरूमला पण 40 बाय 40 बाय 50 आणि 8 किलोच्या वर घेत नाहीत, पैसे पण लावतात, पण मग ती बॅग कुठं ठेवता येईल तर यूस्टन, किंग्ज क्रॉस, चेरिंग क्रॉस या स्टेशनांवर सामान ठेवायची सोय आहे, असं स्वतःच सांगतात. मला त्यांचा हा भाग आवडला. आम्ही घेणार नाही, पण अमुक ठिकाणी घेतात. आपल्याकडं "घेत नाही" इथं वाक्य संपतं.

तिकडचं सगळंच गोड आहे असंही नाही बरं का. व्हॅटिकनला सिस्टीन चॅपल बघून झालं की एका बाजूच्या दारानं थेट सेंट पीटर्स चर्चकडं उतरता येतं, सगळ्यांना तो शॉर्टकट हवा असतो, पण बॅग राहिलेली असते म्युझियमच्या गेटवर, मग चर्च झाल्यावर त्या उंच भिंतीच्या कडेकडेनं परत चालत जायचं बॅग आणायला. आमच्या ग्रुपमधल्या काकांनी तिथं जे मराठी शब्द वापरले ते इथं लिहीत नाही. ताजमहालाला पण आत जाण्याचा दरवाजा आणि लॉकरची बाजू लक्षात ठेवावी लागते, पूर्वेकडून सामान ठेवून पश्चिमेकडून बाहेर पडलात तर वळसा घालून या परत. तेव्हा कुणी नवीन इमारत बांधत असेल, कुणी जुन्या वाड्याचं संग्रहालय करत असेल, त्यांनी आत जायचं दार आणि बाहेर पडायचं दार यात बॅगेचं काय होणार हे नकाशा काढतानाच बघून घ्या. नंतर खिडकी फोडून काउंटर करायला तुमचंच हेरिटेज खातं परवानगी देणार नाही.

अजून एक गोष्ट त्या वाचनात सापडली ती म्हणजे सवलतीची यादी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ऑक्टोबर 2022 मध्ये आंदोलकांनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटो सूप फेकलं, वर काच होती म्हणून चित्र वाचलं, चौकटीवर निभावलं. अशा प्रकारांनंतर त्यांनी 18 ऑक्टोबर 2024 पासून पाणी, सरबत, कसलाच द्रवपदार्थ आत न्यायचा नाही असा नियम केला. कडक म्हणजे किती कडक, पण त्यातही लिहून टाकलं की बाळाचं दूध आणि डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं चालतील. लिहून टाकलं हे महत्त्वाचं. आपल्याकडं शुगर असलेल्या माणसाला इन्सुलिन आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आत जायचं असेल तर गेटवर अख्ख्या रांगेसमोर आपला आजार सांगावा लागतो, तान्ह्या बाळाच्या आईला बाटलीवरून वाद घालावा लागतो, आणि एखादीला पर्ससुद्धा बाहेर ठेव म्हटलं तर पर्समध्ये काय आहे आणि ते आज का लागणारे हे ती सिक्युरिटीच्या दादाला कसं सांगणार? एक ओळ लिहायची, की औषधं, बाळाचं सामान आणि बायकांच्या गरजेच्या वस्तूंची छोटी पिशवी चालेल. त्या दादाची पण सुटका.

पैसे नाहीत, माणसं नाहीत, जागा नाही, हे उत्तर येणार हे माहितीये. ते खोटं आहे असं पण मी म्हणत नाही, लहान संग्रहालयात एकच माणूस तिकीट फाडतो, तोच पंखे लावतो, तोच संध्याकाळी कुलूप लावतो, हे मी बघितलंय. पण लॉकरची मशीनं बसवा असं कोण म्हणतंय? सामान सांभाळायची विद्या आपल्या लोकांना चांगली येते, फक्त ती देवळाच्या दारापर्यंतच येऊन थांबलीये. तिरुपतीला अलिपिरीच्या पायऱ्या चढून जाणाऱ्यांचं सामान देवस्थान खालीच घेतं आणि फुकटात वर तिरुमलाला पोचवतं, वर गेल्यावर पावती दाखवायची आणि घ्यायचं. एवढ्या गर्दीत! व्हॅटिकनवाल्यांनी खरं तर हे बघून यायला पाहिजे. आपल्याकडच्या मोठ्या देवळांबाहेर चपला सांभाळणाऱ्या बायका असतात, हजारो जोड, सगळ्या जवळजवळ सारख्या, तरी बिल्ला दिला की बरोब्बर आपलीच चप्पल हातात. मोठ्या किराणा मॉलमध्ये दारात पिशवी घेतात, नंबर देतात, रविवार संध्याकाळच्या गर्दीत पण कुणाची पिशवी हरवत नाही. मग तलवारी आणि नाणी सांभाळणाऱ्या खात्याला डब्याची पिशवी सांभाळता येत नाही हे कसं पटायचं.

त्यामुळं मागणं एवढंच आहे. खणाखणांचं एक लाकडी नाहीतर लोखंडी रॅक, खणावर नंबर, तोच नंबर बिल्ल्यावर, सुतारानं एका आठवड्यात करून दिलं असतं. दोन-चार मोठे खण चाकांच्या बॅगांसाठी, कारण रेल्वेच्या क्लोकरूमला तिकीट मागतात आणि कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत, आमच्या कापडी पिशव्यांना कुलूप लावायचं कुठं. चार-पाच कुलपाचे छोटे कप्पे लॅपटॉप, कॅमेरा असल्यांसाठी, किल्ली ज्याची त्याच्याकडं. छत्र्यांसाठी बाहेर एक पत्र्याचं पिंप, खाली भोक पाडलेलं. गेटवर एक लोखंडी चौकट उभी करा, यातून बॅग गेली तर आत, नाही गेली तर रॅकला, मग ना दादाला वाद ना आम्हाला, पर्स असो नाहीतर सॅक. आणि बसवायला माणूस नसेल तर गावातल्या बचत गटाला द्या की ते काउंटर. बॅगेमागं दहा रुपये घेऊ देत, आम्ही देऊ, आनंदानं देऊ, घरातलं एक माणूस बाहेर बसवण्यापेक्षा दहा रुपये कधीही स्वस्त. फक्त पोरांच्या सहलीला फुकट ठेवा. बसायला खुर्ची, वर पत्रा, आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरी बाई बदली, म्हणजे डबे कोंडले जाणार नाहीत.

आणि पाटी तिकीट खिडकीच्या आधी लावा हो. तिकीट काढून झाल्यावर, रांगेत अर्धा तास उभं राहून झाल्यावर, गेटपाशी आल्यावर सांगायचं की हे चालणार नाही, आणि तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, हे बरोबर नाही. वेबसाइट असेल तर तिच्यावर पण टाका, नसेल तर गुगल मॅपवर तुमच्या जागेच्या माहितीत दोन ओळी टाकायला काही लागत नाही: सामान ठेवायची सोय आहे की नाही, किती मोठ्या बॅगेपर्यंत, किती वाजेपर्यंत, सोमवारी बंद असलात तर ते पण. सोय नसेल तर नाही म्हणून टाका, आम्ही सामान पाहुण्यांकडं टाकून येऊ, लॉजवाल्याच्या हातापाया पडू, काहीतरी करू. कळलं तर करू ना. हल्ली लोक रिव्ह्यूमध्ये एकमेकांना सांगतात की बाहेरच्या रसवंतीवाल्याकडं बॅगा ठेवा, भला माणूस आहे. तो भला आहेच, पण सरकारी संग्रहालयाचं क्लोकरूम रसवंतीवाल्यानं चालवायचं हे जरा जास्तच होतंय.

शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्याच्या आधी नुसतं रॅक आणि बिल्ले झाले तरी पुष्कळ. साताऱ्यातल्या, औंधच्या, कराडच्या, सांगलीच्या कुठल्याही संग्रहालयानं काउंटर सुरू करायचं मनावर घेतलं तर बचत गटाच्या बायकांशी मी बोलते, आमच्या भागातल्या दोन गटांना हे विचारून झालंय, त्या तयार आहेत. त्यांची अट एकच, महिन्यातून एकदा त्यांच्या घरच्यांना आत फुकट सोडायचं. मला तरी ही अट काही जड वाटली नाही, तुम्ही बघा आणि कळवा.

आपली,
साताऱ्याची एक एसटी प्रवासी